रेकॉर्डिंगच्या पीसीला नेट लावल्याने आवाज बिघडत नाही

तो फॉरवर्ड गेल्या आठवड्यात मला चौथ्यांदा आला, आणि यावेळी फॅमिली ग्रुपवर, ताईकडून. "गाण्याच्या रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरला कधीच नेट लावू नका, आवाज पातळ होतो. अँटीव्हायरस काढून टाका, अपडेट कायमचे बंद करा, फाइली फक्त पेनड्राईव्हने न्या." भाच्याने हे सगळं तंतोतंत पाळलं. मानेवाड्यात त्याच्या खोलीत साठ हजाराचा पीसी पडून आहे आणि पोरगा महाडीबीटीचा फॉर्म भरायला नेट कॅफेत रांगेत उभा. विचारलं तर म्हणे, "मामा, नेट लावलं तर टेक खराब होते ना." टेक म्हणजे एका वेळचं रेकॉर्डिंग. डोकंच सरकलं माझं.

पहिले पातळ आवाजाचं घ्या. रेकॉर्ड झालेला आवाज म्हणजे डिस्कवर लिहिलेले आकडे, सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,०००. ते नेटने झिजत नाहीत. ही समजूत कुठून आली असेल याचा मला अंदाज आहे. गाणं ४४.१ वर (म्हणजे सेकंदाला ४४,१०० आकडे) रेकॉर्ड केलेलं असते, मधेच ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला की साऊंड कार्ड ४८ वर जाते, मग तेच गाणं जवळपास ९ टक्के फास्ट वाजते, पट्टी चढते आणि आवाज पातळ वाटते. फाइल जशीच्या तशी असते. विंडोजच्या आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या, दोन्ही सेटिंगमध्ये एकच आकडा ठेवा, झालं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, वायफायचा ड्रायव्हर (वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर) कधीकधी खरंच त्रास देतो. कॉम्प्युटर आवाज छोट्या तुकड्यांत घेतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. तो १२८ सॅम्पलचा, म्हणजे १२८ आकड्यांचा असला तर ४८ वर कॉम्प्युटरजवळ प्रत्येक तुकड्यासाठी जेमतेम २.७ मिलिसेकंद असतात, तेवढ्यात वायफायने प्रोसेसर अडवून धरला की टेकमध्ये 'टक्' येते. लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर कोणता ड्रायव्हर अडवतो ते नावासकट दाखवते. पण मग टेकपुरतं वायफाय बंद करा ना, जन्मभर कशाला? भाच्याच्या टेकमधली घरघर तर कूलरची होती, नागपुरात उन्हाळ्यात दुसरं काय निघणार.

आता ज्याने खरंच नुकसान होते ते. फॉर्मचे कागद त्याने पेनड्राईव्हमध्ये कॅफेत नेले आणि परत आणून तोच पेनड्राईव्ह पीसीला लावला. दुसऱ्या दिवशी पाहते तर सगळ्या फोल्डरच्या जागी एक-दोन केबीचे शॉर्टकट, आयकॉनच्या कोपऱ्यात छोटासा बाण. 'भजन फायनल'वर क्लिक केलं की फोल्डर उघडायचाही, म्हणून त्याला संशयच आला नाही, आणि दर क्लिकला व्हायरस चालून राहिला होता. मूळ फोल्डर लपवून ठेवलेले होते, ते सापडले हे नशीब. विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, फुकट येते, तो चालू असता तर बहुतेक पेनड्राईव्हवरच अडवलं असतं त्याने. टेकच्या मधे तो फाइली तपासत बसतो असं वाटलं तर रेकॉर्डिंगचा फोल्डर तेवढा त्यातून वगळा, डाउनलोडचा नको.

अन् अपडेट कायमचे बंद करा म्हणणाऱ्यांनी २०१७ आठवावं. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं भोक बुजवणारा अपडेट १४ मार्चला दिला होता. वॉनाक्राय नावाचा व्हायरस १२ मे ला सुटला. जवळपास १५० देशांतल्या मशीन लॉक करून त्याने ३०० डॉलर मागितले, कोणाला कुठे क्लिकही करावं लागलं नाही, एका मशीनमधून दुसऱ्यात आपोआप शिरत गेला, आणि ज्यांनी तो अपडेट घातला होता त्यांच्यात त्या भोकातून शिरू शकला नाही. फॉरवर्डवाला म्हणेल आमचं मशीन नेटवर नाहीच. पण प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचे इफेक्ट, वाद्यं) अ‍ॅक्टिव्हेट करायला कधी ना कधी मोबाईलचं हॉटस्पॉट लावताच ना? तेव्हा ते दोन वर्षं जुनं विंडोज तसंच उघडं पडते. सेशन असलं की अपडेट काही आठवडे थांबवता येतात, तेवढी सोय पुरे आहे. आणि क्रॅक केलेले प्लगइन चालत राहावेत म्हणून नेट नको असेल तर तसं सरळ सांगा, आवाजाचं नाव कशाला घेता?

नेटने पीसी स्लो होतो म्हणे. वीस टॅब उघडे ठेवून मिक्सिंग केलं तर होईलच, बंद करा ते.

ज्यांनी हा फॉरवर्ड वाचून सगळं बंद केलं असेल त्यांनी आज पहिले गाण्यांची कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढा, डिफेंडर चालू करा, मग नेट लावून अपडेट होऊ द्या. दोन-तीन तास लागले तरी चालेल, टेक उद्या घ्या.