ट्रिस्टन दा कुन्हा बेटावर कोणी फुकट जमीन वाटत नाहीये

गेले काही दिवस एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. वर उभा हिरवा कडा, खाली छोटीशी घरं असा फोटो, आणि त्याखाली लिहिलंय की दक्षिण अटलांटिक महासागरातल्या ट्रिस्टन दा कुन्हा या जगातल्या सगळ्यात एकाकी बेटावर माणसं कमी पडतायत म्हणून ब्रिटिश सरकार कुटुंबाला फुकट जमीन, घर आणि महिन्याला पगार देतंय, काम काहीच नाही, तिथे पैसाच चालत नाही, सगळे एकमेकांचे नातेवाईक असल्याने पिढ्या बिघडल्यात म्हणून बाहेरचं "नवं रक्त" हवंय, आणि १९६१ ला ज्वालामुखी फुटल्यावर त्यांना इंग्लंडला नेलं तर या अडाणी लोकांना तिथे जमेना म्हणून परत आणून सोडलं. शेवटी फॉर्मची लिंक.

माझ्या भाच्याने तो फॉर्म भरला. पासपोर्टचा फोटोही पाठवला. मग "प्रोसेसिंग फी" म्हणून साडेआठ हजार मागितले, ते त्याने ताईकडे मागितले आणि ताईने मला फोन केला म्हणून पैसे तरी वाचले. वर्षभर नोकरी शोधून थकलेला मुलगा आहे तो, अशाच मुलांना गाठतात हे लोक. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळ्यात आधी जमीन, कारण पैसे तिच्यावरच उकळले जातायत. ट्रिस्टनवर सगळी जमीन बेटावरच्या लोकांची सामाईक आहे. बाहेरच्या माणसाला ती विकत घेता येत नाही, आणि तिथे जाऊन कायमचं राहताही येत नाही. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, बेटाच्या सरकारची स्वतःची वेबसाइट आहे, तिच्यावर साध्या इंग्रजीत लिहिलेलं आहे, दोन मिनिटांत सापडतं. मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकालाही ती दोन मिनिटं काढावीशी वाटली नाही का?

आणि हा नियम काल-परवाचा नाही. १८१६ ला ब्रिटिशांनी हे बेट ताब्यात घेतलं, नेपोलियन तेव्हा याच महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर कैदेत होता, त्याला सोडवायला कोणी इथून जाऊ नये म्हणून सैन्याची तुकडी बसवली. पुढच्या वर्षी तुकडी परत गेली, पण विल्यम ग्लास नावाचा स्कॉटिश कॉर्पोरल बायकोमुलांसकट मागे राहिला, सोबत आणखी दोघं. नोव्हेंबर १८१७ मध्ये त्यांनी कागदावर करार केला की गुरंढोरं, सामान, नफा सगळ्यांचा सारखा आणि कोणी कोणाच्या वरचढ नाही. गाव उभं राहिलं ते या करारावर. आजही कुटुंबाने गुरं किती ठेवायची यावर मर्यादा आहे, म्हणजे कुरण सगळ्यांना पुरेल. कोकणात सामाईक सातबाऱ्यावर चाळीस नावं असताना एकाने परस्पर जमीन विकायला काढली तर घराघरात काय होतं ते आपल्याला कोणी सांगायला नको. इथे तर तिसराच कोणीतरी, ज्याचं सातबाऱ्यावर नावच नाही, तो आख्खं बेट वाटत सुटलाय.

यातलं अर्धसत्य मान्य करतो. डॉक्टर, शिक्षक अशा जागांसाठी बेटाचं सरकार बाहेरची माणसं घेतं आणि काही वर्षांपूर्वी शेती सल्लागार हवाय म्हणून जाहिरात निघाली होती ती जगभरच्या पेपरात गाजली. बहुतेक हा मेसेज त्याच बातमीतून फुगत गेलाय. पण ती मुदतीची नोकरी, करार संपला की सामान उचलून परत. नुसतं फिरायला जायचं तरी आधी बेटाच्या कौन्सिलची परवानगी लागते. विमानतळ नाहीच. केपटाऊनहून बोट, अंतर साधारण २,८०० किलोमीटर, जवळपास आठवडाभराचा प्रवास, वर्षातून मोजक्या फेऱ्या, आणि समुद्र खवळलेला असला तर बेट समोर दिसत असून उतरता येत नाही, बोटीवरच थांबून राहायचं.

ज्यांनी ऑलरेडी पैसे भरलेत त्यांनी लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा.

"काम काहीच नाही" हे कोणी लिहिलं देव जाणे. बेटाचा मुख्य पैसा लॉबस्टरचा. मासेमारी रोज होत नाही, समुद्र शांत असेल तो दिवस पकडावा लागतो, त्या दिवशी पहाटे गावात टोल पडतो आणि पुरुष लहान बोटी घेऊन पिंजरे टाकायला निघतात. संध्याकाळी माल आला की फॅक्टरीत साफ करून गोठवायचं काम सुरू, ते पार रात्रीपर्यंत. शिवाय प्रत्येक घराचे बटाट्याचे वाफे आहेत, गावापासून काही किलोमीटरवर, वाऱ्यापासून वाचवायला भोवती दगडी गडगे रचलेले. नोकरी करून वर ही शेती. २००८ ला फॅक्टरी आगीत जळाली. २०११ ला सोयाबीन घेऊन सिंगापूरला निघालेलं ऑलिव्हा नावाचं जहाज शेजारच्या नाईटिंगेल बेटावर आपटलं, तेल समुद्रात गेलं, हजारो पेंग्विन तेलाने माखले, आणि ते धुवायला, जगवायला गावातलीच माणसं उतरली. जेमतेम अडीचशेच्या आतली वस्ती आहे ही. रिकामटेकडी म्हणता यांना?

पैसा चालत नाही, हेही खोटं. पाउंड चालतो, दुकान आहे, पोस्ट आहे, इंटरनेट आहे. पूर्वी मात्र खरंच देवाणघेवाण चालायची, पैसा रुळला तो दुसऱ्या महायुद्धात नौदलाचं ठाणं आलं तेव्हा. १९४६ च्या प्रस्तावित तिकिटावर एक पेनी आणि चार बटाटे अशी दोन्ही किंमत छापली होती. मेसेजवाल्याने ते कुठेतरी वाचलं आणि आजचं म्हणून ठोकून दिलं.

आता ते "पिढ्या बिघडल्या". हे वाचून खरंच संताप आला, माणसांबद्दल बोलतोय की कोंबड्यांबद्दल? आडनावं मोजकी आहेत, बरोबर. सगळे पंधराएक मूळ माणसांचे वंशज आहेत, हेही बरोबर. दम्याचं प्रमाण खूप जास्त आहे, टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यावर बरंच काम केलंय, कारण सुरुवातीला आलेल्यांपैकी काहींना दमा होता आणि तो पुढे आला. एवढंच. दमा म्हणजे पिढी बिघडणं नव्हे. आणि ती मूळ माणसं तरी कुठून कुठून आली बघा: ग्लास स्कॉटलंडचा, १८२७ ला सेंट हेलेनाहून आलेल्या बायका, १८३६ ला जहाज फुटून राहिलेला डच पीटर ग्रोएन जो पुढे ग्रीन झाला, व्हेलची शिकार करणारे अमेरिकन खलाशी, १८९२ ला इटालिया जहाजावरून आलेले लावारेल्लो आणि रेपेत्तो. बाहेरच्या "नव्या रक्ता"साठी ते कोणाकडे हात पसरत नाहीयेत.

१९६१ चं तर सरळ उलटं करून सांगितलंय. ऑक्टोबरात गावाच्या अगदी शेजारी जमीन फाटून लाव्हा यायला लागला तेव्हा सगळा गाव, २६४ जण, मासेमारीच्या बोटींतून नाईटिंगेलवर गेला, तिथून डच जहाजाने केपटाऊन आणि मग इंग्लंड. साउथॅम्प्टनजवळ कॅलशॉटला हवाईदलाच्या जुन्या क्वार्टर्समध्ये ठेवलं. त्यांना कामं मिळाली, पगार मिळाला, मुलं शाळेत गेली. जमलं नाही असं अजिबात नाही. पण पहिल्याच हिवाळ्यात छातीच्या आजारांनी काही म्हातारी माणसं गेली आणि परत जायचंय हे लोक सांगतच राहिले. ब्रिटिश सरकारला त्यांना परत पाठवायची घाई नव्हती, उलट ते तिथेच राहतील असं धरून चाललं होतं. शेवटी डिसेंबर १९६२ मध्ये गुप्त मतदान झालं: परत जायच्या बाजूने १४८, विरोधात ५.

कोणी "आणून सोडलं" नाही, त्यांनी मत देऊन घर परत मिळवलं. आधी बारा जणांची तुकडी घरं डागडुजी करायला गेली होती, बाकीचे १९६३ मध्ये गेले. लॉबस्टरची जुनी फॅक्टरी लाव्हाखाली गेलेली, ती नव्याने उभी केली, बंदर नव्याने बांधलं. काही कुटुंबं नंतर इंग्लंडला परत गेली, तेही सांगायला हवं. पण बहुतेक राहिले, आणि त्या १४८ मतांमागच्या घरांतलीच मुलं-नातवंडं आज तिथल्या कौन्सिलवर निवडून जातात आणि बेटावर कोणाला येऊ द्यायचं ते ठरवतात.