पितरांना काय सांगायचं?

देशभक्तीची कविता म्हटली की माझ्या कानात आधी नगारा वाजायचा. तलवार, रक्त, जयजयकार. चीनच्या सुंग राजघराण्याच्या काळातला कवी लू यो अनुवादातून वाचला आणि तो नगारा थांबला.

जन्म ११२५ चा. तो लहानगा असतानाच, ११२७ मध्ये, ईशान्येकडच्या जुर्चेन लोकांच्या फौजांनी सुंगांची राजधानी काइफंग घेतली आणि दोन सम्राटांना कैद करून उत्तरेला नेलं. उरलेला दरबार दक्षिणेत गेला, पुढे हांगचौला स्थिरावला आणि तिथेच रमला. लू यो मात्र जन्मभर एकच म्हणत राहिला: उत्तरेचा मुलूख परत घ्या. त्यापायी पद गेलं. सीमेवर राहायला मिळालं ते ११७२ मधले जेमतेम काही महिने.

त्याच्या नऊ हजारांहून जास्त कविता आज उपलब्ध आहेत. ११९२ सालच्या एका कवितेत हा सदुसष्ट वर्षांचा म्हातारा एकाकी खेड्यात आखडून पडलाय, रात्री वारापाऊस ऐकतोय, आणि स्वप्नात चिलखती घोडे गोठलेल्या नद्या ओलांडताहेत. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कवितेत उत्तरेत मागे राहिलेली माणसं आहेत. रडून रडून त्यांची आसवं आटलीत, तरी दक्षिणेकडे डोळे लावून ती आणखी एक वर्ष आपल्या सैन्याची वाट बघताहेत.

मला ही दुसरी कविता जास्त मोठी वाटते. जमिनीच्या तुकड्यापेक्षा तिथे अडकलेल्या माणसांसाठी जीव तुटणं, हीच माझ्या लेखी देशभक्ती. शत्रूला शिव्या घालणं त्यामानाने फार सोपं आहे.

मरताना त्याने मुलांसाठी चार ओळी लिहिल्या. मेल्यावर सगळं शून्य, हे ठाऊकच होतं. दुःख एवढंच की देश एक झालेला पाहिला नाही. आपली फौज उत्तर जिंकेल त्या दिवशी घरच्या पितृपूजेत बापाला सांगायला विसरू नका.

श्राद्धाला पान वाढून पितरांची वाट बघणाऱ्या आपल्या घरांत या ओळीला तळटीप लागू नये. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो.

पुढे १२३४ मध्ये जुर्चेनांचं राज्य बुडालं, पण उत्तर मंगोलांकडे गेली. १२७९ मध्ये सुंगही संपले. देश एक झाला, मंगोलांच्या हाताखाली. तेव्हा लिन चिंगशी नावाच्या कवीने लू योच्या कवितांच्या शेवटी लिहून ठेवलं: तुझ्या वंशजांनी एक झालेला देश पाहिला खरा, पण आता पितृपूजेत ते तुला सांगणार तरी कसं?