पाथरवटाचं श्रेय : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. प्राचीन काळी परग्रहावरचे लोक पृथ्वीवर येऊन गेले, ही कल्पना आजच्या माणसाला इतकी का भावते, यावर मी लिहिलं होतं. ते तुम्हाला एकांगी वाटलं. तुम्ही कुरुंदवाडचे, खिद्रापूरच्या कोपेश्वराला लहानपणापासून जाणारे. तिथले गुळगुळीत गोल खांब आणि स्वर्गमंडपाचं उघडं छत यंत्राशिवाय शक्यच नाही, वेरूळचं कैलास लेणं अठरा वर्षांत माणसांच्या हातून होत नाही, आणि कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर ठरलेल्या दिवशी मावळतीची किरणं पडतात त्या किरणोत्सवाचं गणित त्या काळी मांडलं कुणी, असे तुमचे प्रश्न आहेत. शेवटी तुम्ही लिहिलंय, "विश्वास ठेवणाऱ्यांना वेड्यात काढणं सोपं असतं."

वेड्यात मी कुणालाच काढलेलं नाही. ही कल्पना शहाण्यासुरत्या माणसाला पटावी अशी तिला कारणं आहेत. ही कल्पना घरोघरी पोचवणाऱ्या स्विस लेखक डॅनिकेनचं पुस्तक आलं 1968 साली. त्याआधी 1957 मध्ये स्पुटनिक वर गेला होता, 1961 मध्ये गागारिन वर जाऊन आला होता, आणि 1969 मध्ये माणूस चंद्रावर उतरला. आपण दुसऱ्या गोलावर जाऊ शकतो, तर दुसरं कुणी आपल्याकडे आलंच नसेल कशावरून, हा विचार त्या पिढीच्या मनात येणं अगदी साहजिक होतं. शिवाय पोथीतला देव जसाच्या तसा मानवत नाही आणि पुरता सोडवतही नाही, अशी बऱ्याच जणांची अवस्था असते. त्यांना इथे वाट सापडते: देव खरेच होते, फक्त यानातून आले होते. श्रद्धाही राहते आणि बोलणंही विज्ञानाचं होतं. हे मी मनापासून समजू शकतो.

माझा आक्षेप आहे तो तिसऱ्या कारणाला. हातकामाशी आपला संबंध तुटलाय. दगड कसा फुटतो, त्याला किती वेळ लागतो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलेलं नाही. म्हणून एखादं मोठं काम बघितलं की 'हे माणसाचं नव्हे' असं चटकन तोंडात येतं.

खिद्रापूरचे खांब घ्या. चालुक्य, शिलाहार आणि होयसळ काळातल्या कितीतरी देवळांत असे कंगोऱ्यांचे गोल खांब आहेत. अभ्यासक त्यांना कातीव खांब म्हणतात. दगडाचा ठोकळा आसावर फिरवायचा आणि फिरत्या दगडाला हत्यार लावायचं, अशी त्यांची पद्धत मानली जाते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या, लेथवर काम करणाऱ्या कुठल्याही टर्नरला तो खांब दाखवा. सगळे कंगोरे एकाच मध्याभोवती कसे बसलेत, हे तो बोट ठेवून सांगेल. म्हणजे यंत्र होतंच, दादा. माणसांनी फिरवलेलं. स्वर्गमंडपाच्या छतात दगडाचं एकेक कडं आत सरकवत नेलंय. कडं पुरं झालं की त्यातले दगड एकमेकांना रेटून धरतात, त्यामुळे मधला गोल उघडा ठेवला तरी छत खाली येत नाही.

आता वेरूळ. तिथून दोन लाख टन दगड निघाला, हा नेहमी दिला जाणारा अंदाज. वीस वर्षं आणि वर्षाचे 300 दिवस धरले तर रोजचे साधारण 33 टन होतात. 250 माणसं कामावर असतील तर माणशी 130 किलोच्या आसपास. काळ्या दगडाचा हा दीड घनफुटाहून थोडा मोठा तुकडा झाला. काम कष्टाचं आहे, पण अशक्य नाही. वरून खाली कोरत आल्यामुळे परांची बांधायची गरज नाही, दगड वर चढवायचीही नाही. आणि अठराच वर्षं कशाला धरायची? लेणं कोरवून घेणारा राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याची कारकीर्द साधारण 756 ते 773. काम त्याच्यानंतरही चालू राहिलं, असं बरेच अभ्यासक मानतात.

पण मला आकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो तो एक ताम्रपट. राष्ट्रकूटांच्याच घराण्यातल्या कर्कराजाचा, बडोद्याला मिळालेला, इ.स. 812 च्या सुमाराचा. म्हणजे लेणं कोरल्यावर पुरतं शतकही उलटलेलं नव्हतं. त्यात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या शिवालयाचं वर्णन आहे. विमानांतून जाणारे देव ते पाहून चकित होतात आणि म्हणतात, हे स्वयंभू असणार, घडवलेल्या वस्तूत असं सौंदर्य दिसत नाही. पुढे खुद्द ते घडवणारा शिल्पीच थक्क होतो: अरे, हे मी कसं केलं! दादा, आकाशातून येणारी विमानं या मजकुरात आहेतच. पण विमानातले बघे आहेत, आणि घडवणारा जमिनीवरचा माणूस आहे. 'हे माणसाचं नसावं' हा संशयही तिथे आहे, आणि तो लगेच खोडलेलाही आहे. आपल्या मराठी कथाकल्पतरूतही कैलासाची गोष्ट येते. शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असं राणीचं व्रत असतं. म्हणून पैठणचा कोकस नावाचा कारागीर आधी शिखरच कोरतो. गोष्ट दंतकथा आहे, पण तिच्यात कारागिराला नाव आहे, गाव आहे आणि डोकं आहे.

बाकी ठिकाणी मात्र आपण हे श्रेय पूर्वीपासूनच दुसऱ्याला देत आलोय. कुठलंही जुनं लेणं विचारा, पांडवांनी एका रात्रीत कोरलं असं सांगतात. खिद्रापूरला यादव राजा सिंघणाचा तेराव्या शतकातला लेख आहे. त्यातून राजा कळतो, त्याचं दान कळतं. खांब कातणारे कोण होते, ते कळत नाही. पाथरवट, वडार, लोहार ही माणसं लिहिण्यावाचण्यापासून लांब ठेवलेली. त्यांचं काम आधी राजाच्या नावावर गेलं, मग पांडवांच्या, आणि आता परग्रहवासीयांच्या. ज्या संस्थानात 1902 साली मागासलेल्या समाजांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या, त्या कोल्हापुरात राहून मला हा प्रश्न जातीपासून वेगळा काढता येत नाही. पूर्वजांचा अभिमान म्हणून आपण ही कल्पना धरतो, आणि तीच पूर्वजांच्या हातातली टाकी काढून घेते.

किरणोत्सवाचं गणित अवघड नाही, चिकाटीचं आहे. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. मावळतीचा सूर्य पावसाळा संपल्यावर रोज थोडा दक्षिणेकडे सरकतो, 21 डिसेंबरच्या आसपास थांबतो आणि माघारी फिरतो. 10 नोव्हेंबरपासून तिथवर 41 दिवस, तिथून 1 फेब्रुवारीपर्यंत 42. म्हणून तो जाताना आणि परतताना एकाच जागी मावळतो, आणि उन्हाची तिरीप दोन्ही वेळा महाद्वारातून आत येऊन देवीच्या पायांवरून वर चढते. वर्षानुवर्षं एका जागी उभं राहून क्षितिजावर खुणा करणारा माणूस असला की हे साधतं.

बाहेरून कुणी आलंच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. दाढीवाला, उघड्या अंगाचा, एक हात उंचावलेला. रोमन जगातला हा समुद्राचा देव पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीला सापडला, सोबत तिकडच्याच घडणीची कांस्यभांडी होती. 1945-46 मध्ये सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी ब्रह्मपुरीचं उत्खनन केलं आणि सातवाहन काळातली भरभराटीची वस्ती उजेडात आली. परका आला की असा माग राहतो: वस्तू, तिचा धातू, तिची घडण. परग्रहावरून आलेल्यांचा असा एक खिळा जरी मातीच्या थरात मिळाला, तरी मी पहिला तिथे धावेन.

आणि आकाशातून जीव येऊ शकतो का, हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाहीच. आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी तो किती गंभीरपणे घेतला होता! 2001 मध्ये हैदराबादहून बलून सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले गेले. 2005 च्या दुसऱ्या प्रयोगात जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एवढं हाती असूनही, हे जीव पृथ्वीबाहेरचेच आहेत असं यातून सिद्ध होत नाही, हे इस्रोने स्वतःच सांगितलं. मला या प्रश्नाकडे असं बघायचंय.

तुम्ही खिद्रापूरच्या खांबांचे फोटो काढलेत असं लिहिलंय. ते जरूर पाठवा. खांबाचा चौकोनी भाग संपून गोल भाग सुरू होतो, तिथला जवळून घेतलेला असेल तर फारच बरं. कातकाम आणि टाकीकाम तिथेच एकमेकांना भेटत असणार. त्यावर स्वतंत्र लेख करू, आणि तुमचं म्हणणं त्यात तुमच्याच शब्दांत छापेन.