व्हिडिओ काढणाऱ्याला दोन मिनिटं मिळाली होती

सकाळी ग्रुपवर एक व्हिडिओ आला. ओळखीतलाच एक पोरगा, विशी-बाविशीचा, जिन्याखाली उताणा पडलाय. तोंडाच्या कोपऱ्यातून ओकारी वाहतेय. व्हिडिओ काढणारा हसतोय. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. रोज सुविचार पाठवणाऱ्यांनीही टाकल्यात.

अरे, त्याला कुशीवर तरी वळवायचं होतं! शुद्ध हरपलेला माणूस उताणा असला की स्वतःच्याच ओकारीने गुदमरून जाऊ शकतो. कुशीवर वळवायचं, हाक मारत राहायचं, श्वास बघायचा, उठत नसेल तर अँब्युलन्स बोलवायची. एवढं करायला डॉक्टर लागत नाही. पण व्हिडिओ आधी!

माझ्या दादाचा व्हिडिओ कुणी काढला नाही, कारण तेव्हा असे फोन नव्हते. बाकी सगळं झालं. बारा वर्षं तो रोज प्यायचा आणि आम्ही घरचे बारा वर्षं "त्याला पित्ताचा त्रास आहे" असं सांगत फिरायचो. लग्नकार्याला त्याला न्यायचं टाळायचो. लाज त्याच्यापेक्षा आम्हालाच जास्त होती.

मग एक दिवस आईने रडून त्याच्याकडून शब्द घेतला आणि त्याने त्याच दिवशी दारू सोडली. आम्हाला काय आनंद! संध्याकाळपासून हात थरथरायला लागले. आम्ही म्हटलं, होईल, सहन कर. तिसऱ्या रात्री तो घामाने निथळत बसला होता आणि चादरीवरून काहीतरी वेचत होता. एक-एक चिमूट. वहिनीने विचारलं, काय करताय? म्हणाला, "मुंग्या आहेत गं, बाळाला चावतील." बाळ कुठलं? त्याचा मुलगा तेव्हा नववीत होता.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी आम्हालाच झापलं. इतकी वर्षं रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करायची नसते. फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जातो. औषधं देऊन, लक्ष ठेवून सोडवावी लागते. शब्द पाळणारा माणूस शब्द पाळल्यामुळे मरायला टेकला होता आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कारण आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं.

पिणाऱ्याची काहीच चूक नाही का, असं कमेंटमध्ये येईलच. आहे. दादाने वहिनीला जे भोगायला लावलं ते मी विसरलेलो नाही. पण चूक मोजत बसून एकाची तरी दारू सुटलेली मी पाहिली नाही.

आणि पोरांचं म्हणाल तर नुसती भाषणं देऊन, सडलेल्या लिव्हरची पोस्टर लावून काही होत नाही. आइसलँडमध्ये 1998 साली पंधरा-सोळा वर्षांच्या शंभरातली 42 पोरं मागच्या महिन्यात एकदा तरी झिंगेपर्यंत प्यायल्याचं सांगत होती. 2016 पर्यंत ती 5 वर आली. त्यांनी संध्याकाळच्या वेळा खेळाने, संगीताने भरल्या, त्यासाठी पैसे घातले, रात्री उशिरा पोरांना बाहेर फिरू दिलं नाही, आणि आईबापांनी एकमेकांत ठरवून ते पाळलं. छोटा देश आहे, मान्य. पण आपापल्या पोराची संध्याकाळ कुठे जाते हे बघायला देश किती मोठा आहे याने काय फरक पडतो?

गर्द, गोळ्या यांचं तर आणखी वाईट. सोबतचा निपचित पडला की मित्र पळून जातात, पोलिसांच्या भीतीने. अफूच्या जातीच्या नशेवर नॅलोक्सोन नावाचं औषध आहे, वेळेत मिळालं तर बंद पडत चाललेला श्वास परत येतो. पण वेळेत म्हणजे कुणीतरी तिथं थांबायला हवं ना.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा.

दादाला सुटून सहा वर्षं झाली. त्याआधी दोनदा सुटून परत सुरू झाली होती, तेही सांगतो, कारण दोन्ही वेळा नातेवाईक म्हणाले "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" आणि दोन्ही वेळा वहिनी त्याला काही न बोलता डॉक्टरांकडे घेऊन गेली. अजून तो चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. थरथर केव्हाच गेली, सवय राहिली.

दुपारी तो व्हिडिओ मी त्याला दाखवला. पूर्ण बघितला नाही त्याने. चपला घातल्या आणि त्या पोराच्या घरी गेला. पोरगा शुद्धीवर होता, आतल्या खोलीत. त्याच्या आईने दार अर्धंच उघडलं, म्हणाली, "त्याला बरं नाहीये, पित्त झालंय."

दादा म्हणाला, "मलाही बारा वर्षं पित्तच होतं."

तिने दार उघडलं.