हॉबिट बघताना पुस्तकवाल्यांनी घ्यायची काळजी

तर तुम्ही टोल्किन यांचं 'हॉबिट' हे पुस्तक वाचलंय, अभिनंदन. आता ओटीटीवर हॉबिटचे तिन्ही सिनेमे एका ओळीत दिसले की तुमच्यावर एक जबाबदारी येते, कारण सिनेमा आवडणं हे पुस्तक न वाचलेल्यांचं काम, त्या बिचाऱ्यांना दुसरं आहे काय. तुम्ही वाचक. तुम्हाला आवडून चालणार नाही, आणि चुकून आवडलाच तर निदान चेहऱ्यावर दिसता कामा नये.

सगळ्यात आधी एक गोष्ट पोटात ठेवायला शिका. टोल्किनच्याच पुढच्या मोठ्या पुस्तकावरचा लॉर्ड ऑफ द रिंग्ज तुम्ही आधी टीव्हीवर जाहिरातींच्या मधेमधे बघितला, मग पुस्तक आणलं, आणि अख्खं पुस्तक वाचताना जादूगार गँडाल्फ म्हणून सिनेमातला नट इयन मॅकेलनच दिसत होता, हे मेलात तरी कुणाला सांगू नका. विचारलंच तर "मी फार आधी वाचलेलं" एवढंच म्हणायचं. वर्ष सांगायचं नाही.

मग हिशोब पाठ करा, तो लागतो. पुस्तक 1937 चं, लहान मुलांसाठी लिहिलेलं, 19 प्रकरणं, पानं तीनशेच्या आसपास. सिनेमे तीन, 2012, 2013 आणि 2014 चे, थेटरातली लांबी अनुक्रमे 169, 161 आणि 144 मिनिटं म्हणजे जवळजवळ आठ तास, एवढ्या वेळात माणूस पुस्तकाचा बराच भाग वाचून काढेल. त्यात आधी सिनेमे दोनच ठरलेले, मेन शूटिंग आटपल्यावर जुलै 2012 मध्ये जाहीर झालं की तीन करतोय. एका वाटी साखरेत तीन लग्नांचा शिरा. ही तक्रार बिनतोड आहे, पण म्हणूनच पहिल्याच अर्ध्या तासात वापरून टाकू नका, पुढे साडेसात तास काढायचेत. आणि हे सिनेमे करणारे दिग्दर्शक पीटर जॅक्सन साहेबच जेव्हा लॉर्ड ऑफ द रिंग्ज करत होते तेव्हा तुम्ही टॉम बॉम्बाडिल हे पात्रच कापलं म्हणून चिडला होतात, शेवटी हॉबिट लोक घरी परततात तर त्यांच्या शायर या मुलखाची वाट लागलेली असते ते प्रकरण उडवलं म्हणून चिडला होतात, ग्लोरफिंडेल या एल्फचं (एल्फ म्हणजे परीसारखे अमर लोक) काम नायिका आर्वेनला दिलं म्हणून तर आठवडाभर. म्हणजे तेव्हा का कापलं आणि आता का वाढवलं. दोन्ही तक्रारी आपापल्या जागी रास्त आहेत, फक्त एकाच माणसासमोर एकाच संध्याकाळी करू नका.

आता टॉरिएल, सिनेमातली एल्फ योद्धी. ही पुस्तकात नाही. कुठेच नाही. ती पडद्यावर आली की सुस्कारा सोडायचा, बाजूच्याला ऐकू जाईल एवढा. कीली या बुटक्याशी तिचं जे काही चालतं आणि एल्फ राजपुत्र लेगोलास मधे तोंड पाडून उभा असतो (लेगोलासही या पुस्तकात नाही, त्याचा बाप आहे, तोही बिननावाचा), तिथे तुम्ही काहीही बोललात तरी चालतं, कोणी अडवणार नाही. फक्त भाचीने विचारलं की मूळ पुस्तकात मग बायका किती आहेत, तर पटकन विषय बदला. प्रत्यक्ष समोर येणारी एकही नाही, नायक बिल्बोच्या आईचं नाव तेवढं येतं.

धोक्याच्या जागा वेगळ्याच आहेत. पहिल्या सिनेमात बिल्बोच्या घरी, ड्रॅगनने बळकावलेलं सोनं परत मिळवायला निघालेले तेरा बुटके येऊन फडताळ रिकामं करतात आणि मग रात्री शेकोटीपाशी हळू आवाजात गाणं सुरू करतात, तेव्हा अंगावर काटा येऊ शकतो, एसी जास्त आहे म्हणून सांगा. दुसऱ्यात तो ड्रॅगन, स्मॉग, सोन्याच्या ढिगातून डोळा उघडतो आणि बेनेडिक्ट कंबरबॅचचा आवाज येतो, तेव्हा मोबाईल बघा. आणि गुहेत गॉलम नावाचा तिथला भुकेला प्राणी आणि बिल्बो कोडी घालतात तो सीन लागायच्या आधीच पॉपकॉर्न आणायला उठा. खरंच उठा. मार्टिन फ्रीमन आणि अँडी सर्किस, दोघंच, अंधार, कोडी बहुतेक पुस्तकातलीच, कोणी कड्यावरून उड्या मारत नाही, आणि बिल्बो तलवार उगारून थांबतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघितलंत तर आठ तासांची मेहनत पाण्यात.

तरीही नाही उठलात, आणि वर तोंडातून निघालं की "हा एक सीन मात्र पुस्तकासारखा", तर कुठल्या पुस्तकासारखा हे कुणी विचारू नये अशी प्रार्थना करा. कारण 1937 च्या आवृत्तीत गॉलमने पैजेवर स्वतःहून जादूची अंगठीच लावली होती, हरल्यावर ती सापडेना म्हणून त्याने माफीबिफी मागितली आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवून आला, सज्जन माणूस. मग पुढचं मोठं पुस्तक, लॉर्ड ऑफ द रिंग्ज, लिहिताना टोल्किनना ते जुळेना, तेव्हा त्यांनी हे प्रकरण बदललं आणि 1951 पासून छापलं जातं ते बदललेलं. वर आधीची हकीकत म्हणजे बिल्बोने मारलेली थाप होती अशी सोयही करून ठेवली. म्हणजे पुढच्या कथेशी जुळावं म्हणून मागचं बदलणारा पहिला माणूस जॅक्सन नाही. ही माहिती ग्रुपवर अजिबात टाकू नका, आपल्यातलेच लोक अंगावर येतात.

गँडाल्फ मधेच गायब होऊन डोल गुलदूर या पडक्या किल्ल्यात जातो त्याबद्दल "हे कुठून आणलं" असं म्हणायचा मोह होईल. जपून. पुस्तकातही तो तिकडेच गेलेला असतो, शेवटी दोन वाक्यांत सांगतो, आणि बाकीचं टोल्किननीच दुसरीकडे लिहून ठेवलंय. सिनेमात राडागास्ट जादूगार सशांच्या गाडीतून फिरतो त्यावर बोला, तिथे कोणी आडवं येणार नाही. सेकंदाला नेहमीच्या 24 ऐवजी 48 फ्रेम्सनी शूट केलंय त्यावर पण बोला, सगळं डेली सोपसारखं दिसतं म्हणा, तुम्ही सिनेमा मावसभावाच्या पेनड्राइव्हवरून बघितला असलात तरी.

तिसऱ्या भागाला मात्र तुम्हाला फार कष्ट नाहीत. पुस्तकात बिल्बोला लढाईत दगड लागतो, तो बेशुद्ध पडतो आणि उठतो तोवर सगळं संपलेलं, इथे मात्र ती लढाई संपतच नाही. इतका वेळ नुसतं बसवणार नाही, तेव्हा बुटक्यांचा म्होरक्या थोरिन आणि त्याचे भाचे फीली आणि कीली शेवटी मरतात हे शेजारच्यांना आधीच सांगून टाका, त्यांना कळू दे आपल्यात वाचलेलं कोण आहे.

आणि इतकं करूनही कोणी म्हणालंच की अरे चिडतोस कशाला, चाहत्यांनी तिन्ही भाग कापून चारेक तासांचे एकेक सिनेमे बनवलेत, बरंचसं फालतू काढलंय, टॉरिएल जवळजवळ नाहीच, ते बघ, तर हो हो म्हणा पण चुकूनही बघू नका. ती नसेल तर तुम्ही चार तास बोलणार कशावर?