छातीच्या उंचीला घेर किती?

झाडांची यादी करायचं काम कुणी श्रावणात सांगत नाही. श्रावणात प्रत्येक झाड आपापली पानं मिरवत उभं असतं. पिंपळ कुठला आणि कांचन कुठला हे शेंबडं पोरही सांगेल. हे काम निघतं फाल्गुनात. पावसाळ्याआधी फांद्या छाटायच्या तर महापालिकेत अर्ज करायला हवा, अर्जाला यादी जोडायला हवी, आणि नेमकी त्याच वेळी आमच्या सोसायटीतली निम्मी झाडं अंगावर एक पान न ठेवता उभी असतात.

आपल्याच आवारातल्या झाडांसाठी अर्ज कशाला, असं आमच्याकडेही एकाने विचारलं. झाडं जपायचा १९७५ चा कायदा आहे, म्हणून. शहरातलं झाड तुमच्या कुंपणाच्या आत असलं तरी वृक्ष प्राधिकरणाला विचारल्याशिवाय त्याला कुऱ्हाड लावता येत नाही. मीटिंगमध्ये हे वाचून दाखवल्यावर सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. कारण एवढंच की रविवारी मी दुर्बीण घेऊन टेकडीवर जातो. दुर्बीण पक्ष्यांसाठी असते, हे मी सांगून पाहिलं.

"मग पक्षी कुठे बसतात?" अध्यक्ष म्हणाले. ठराव मंजूर झाला आणि चहा आला.

झाडांवरची पुस्तकं घरात होती. पानाबद्दल, फुलाबद्दल त्यांत भरभरून लिहिलेलं असतं. साल आली की लेखकाचा हात आखडतो. 'साल करडी, खडबडीत, भेगाळलेली.' पुढचं झाड काढा, तेही करडं आणि खडबडीतच. वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेत जशा झाडून सगळ्या मुली गृहकृत्यदक्ष आणि मनमिळाऊ असतात, तसं हे. अपवाद आहेत, नाही असं नाही. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खवल्यांची, एकदा पाहिली की विसरत नाही. कांडोळ इतका पांढरा की चांदण्यात दचकायला होतं. पण ऐन आणि कांडोळ जंगलात राहतात. सोसायटीत राहायला येतात ती करडी आणि खडबडीत.

तरी सुरुवात बरी झाली. काटेसावर लालभडक फुलली होती, ती आपणहून यादीत गेली. (एका बिल्डिंगमागच्या सावरीला बुंध्यावर काटे आणि गेटजवळच्या थोरल्या सावरीला खाली एकही नाही, म्हणून ही दोन वेगळी झाडं, असा एक मतप्रवाह होता. वय वाढलं की सावरीच्या बुंध्यावरचे काटे गळतात. आमच्या कमिटीत याचा अनुभव नसल्याने कुणाला पटेना.) चाफ्याच्या जाड, बोथट फांद्यांवर गळलेल्या पानांचे वण असतात, तो लांबूनही कळतो. देशी बदाम फांद्यांचे मजले चढवतो, त्यामुळे पानं नसली तरी आराखड्यावरून ओळखता येतो.

घोडं अडलं गुलमोहरापाशी. सोसायटीच्या मते आवारातली मोहर नावाची सगळीच झाडं गुलमोहर. त्यातले निम्मे सोनमोहर आहेत हे कुणी ऐकून घेईना. शेवटी पार्किंगमध्ये दुचाकीवर पडलेली एक काटकी उचलून मी सगळ्यांना दाखवली. सोनमोहराच्या डहाळीच्या टोकाला, कळीवर, तांबूस लव असते. अंगठा फिरवला तर मऊ लागते. त्याच्या शेंगाही तांबूस, चपट्या, बोटाएवढ्या. गुलमोहराच्या शेंगा हातभर लांब आणि वाळून काळपट झालेल्या. काटकी हातोहात फिरली. सगळ्यांनी अंगठा फिरवला, चष्मे वर-खाली केले, आणि तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "पण शुगरवर चालतं का हे?"

हा प्रश्न टळत नाही. मराठी माणसाला झाडाचं नाव सांगा, तो पुढचा प्रश्न औषधाचा विचारणार. औषधी नाही म्हणालात तर कुंडीत येईल का विचारणार. कुंडीतही येत नाही म्हणालात तर मग ते इथे लावलंच कुणी, म्हणून चिडणार.

नावानंतरचा रकाना घेराचा. घेर छातीच्या उंचीला मोजायचा, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर. कुणा सहा फुटी साहेबाच्या छातीवरून हा आकडा ठरला असणार. माझी तिथे हनुवटी येते. बायकोची शिवणकामाची टेप १५० सेंटिमीटरला संपते. रेन ट्रीच्या बुंध्याला ती पुरेना, तेव्हा वॉचमनकाकांना पलीकडून टेप धरायला लावली. खोडाला दोन्ही बाजूंनी दोन पुरुष चिकटलेले पाहून दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "आंदोलन आहे का काही?"

आणि मग पंपहाउसमागचं ते झाड. उंच, करडं, खडबडीत. फुलं नाहीत, काटे नाहीत, चीक नाही. फांदीच्या टोकाला पिंपळासारखी टोकदार, आवरणात गुंडाळलेली कळी असती तर काम झालं असतं, तीही नाही. प्रत्येकाकडे आपापलं नाव होतं. खजिनदारांनी मोबाइलमधलं अ‍ॅप काढलं. अ‍ॅपने बुंध्यावरच्या सरड्याचं नाव अचूक सांगितलं.

मी रोज सकाळी दूध आणायला जाताना त्या झाडापाशी थांबायला लागलो. सालीवर बोटाला बारीक फोडांसारखे उंचवटे लागतात, एवढं कळलं. एका सकाळी वर बघतो तर फांद्या हिरव्यागार. अध्यक्ष खालूनच ओरडले, "पालवी फुटली! आता सांगा!" दुर्बीण लावली. एकही पान नव्हतं. नाण्याएवढ्या गोल, हिरव्या चकत्यांचे घोस होते, कडेने पातळ पापुद्रा, मधोमध बी. संशय आला, म्हणून खाली पडलेली ओली काटकी मोडून नाकाला लावली.

ज्यांनी वावळाची साल चुरगाळली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही. त्या दिवशी मला जेवण वेगळं वाढण्यात आलं. पण झाड सापडलं. वावळ पानांच्या आधी फळतो, लांबून पाहणाऱ्याला ती पालवीच वाटते. थोड्याच दिवसांत त्या चकत्या वाळून कागदासारख्या झाल्या आणि वाऱ्यावर सोसायटीभर सुटल्या. कुणाच्या आमटीत, कुणाच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर, कुणाच्या गाडीच्या एसीत. मी एक सोलून मधली बी खाऊन दाखवली, लहान मुलांना ती फार आवडली, आणि मुलांच्या आयांनी माझ्याशी बोलणं कमी केलं.

यादी आता तयार आहे. नावं, घेर, अंदाजे उंची, सगळं भरलंय. अडलंय ते फक्त वयापाशी. त्याच कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज ठरतं, म्हणजे तोडायला आणखी अवघड, आणि सोसायटीत रीडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत. वावळ बिल्डिंगच्याही आधीचा, कारण कंपाउंडची भिंत त्याला वळसा घालून बांधलेली आहे. मी खोडाचा घेर, भिंत, वळसा, सगळं समजावून सांगितलं. खजिनदारांनी शांतपणे ऐकून घेतलं, फॉर्म ओढला, पेनाचं टोपण काढलं.

"अंदाजेच लिहायचंय ना?" ते म्हणाले. "मग एकोणपन्नास लिहू."