फ्रेममधली पांढरी व्हॅन

कॅलेंडरवरच्या आयर्लंडमध्ये तीनच गोष्टी असतात: लाल रंगाचा पब, त्याच्यापुढे फरसबंदीचा ओला रस्ता आणि खिडकीवर ओसंडणाऱ्या फुलांच्या कुंड्या. चौथी गोष्ट छापत नाहीत. ती म्हणजे पबच्या बरोब्बर दारात लावलेली पांढरी व्हॅन. ती प्लंबरची असते नाहीतर मासळीवाल्याची, आणि आपण कॅमेरा बॅगेत ठेवला की तिचा मालक शीळ वाजवत येऊन ती घेऊन जातो. मला त्याचा राग नाही, बिचाऱ्याला धंदा आहे. पण या देशातली प्रत्येक जुनी वस्तू फोटो काढून घ्यायला अशीच नाखूश असते, आणि तिला राजी करायला तिथलं घड्याळ, हवा आणि माणसं या तिघांच्या कलाने घ्यावं लागतं.

डब्लिनमधल्या टेम्पल बार या पबचा लाल कोपरा रिकामा हवा असेल तर जूनमध्ये जा. पहाटे पाचला सूर्य वर येतो. रात्रीची गिऱ्हाइकं तोवर घरी गेलेली असतात. निदान उभी तरी नसतात. पुढे बिअरची पिंपं उतरवणारे ट्रक लागले की तुमचा खेळ आटोपला. डिसेंबरमध्ये उजाडतं पावणेनऊच्या सुमारास आणि चारच्या ठोक्याला मावळतं. म्हणजे सूर्य, ट्रक आणि पर्यटक एकाच पाळीत कामावर येतात.

आता पाऊस. तो तिथे आडवा येतो, त्यामुळे छत्री ही केवळ धरायची वस्तू. लेन्सला हूड लावा आणि खिशात दोन कोरडी मायक्रोफायबर फडकी ठेवा. एक ओलं होण्यासाठी, दुसरं कुठे ठेवलं ते विसरण्यासाठी. खरी फजिती पुढे, पबच्या दारात होते. बाहेर सात-आठ अंश, आत शेगडी पेटलेली आणि ओल्या कोटांची वाफ. थंडगार काचेवर ती वाफ लगेच धरते आणि सगळा पब दुधात बुडतो. पुसू नका, पुन्हा धरते. बाहेर असतानाच कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालायचा, हवा काढून तोंड बंद करायचं आणि आत आल्यावर पंधरा-वीस मिनिटं पिशवी उघडायची नाही. दव पिशवीवर बसतं, लेन्स कोरडी राहते. ही वीस मिनिटं पबमध्ये कशी घालवावीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. पुढच्या फोटोंतली जमीन तिरकी का आली, याचं उत्तरही त्यातच आहे.

आत ट्रायपॉड उघडू नका. आधी काहीतरी मागवा, मग काउंटरवरच्या माणसाला विचारा. क्रम उलटा केलात तर उत्तरही उलटं येतं. उजेड जेमतेम असतो, त्यात लाकूड काळपट आणि दिवे पिवळे. लेन्सचं छिद्र एफ १.८ इतकं मोठं, शटर सेकंदाचा साठावा भाग आणि आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ३२०० इथून सुरुवात करा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची जुळणी, ऑटोवर सोडलात तर कॅमेरा तो पिवळेपणा धुऊन टाकतो आणि पबचा दवाखाना होतो. ३५०० केल्विनच्या आसपास हाताने ठेवा.

मग आरसे. द लाँग हॉलसारख्या व्हिक्टोरियन थाटाच्या पबमध्ये ते जिकडेतिकडे आहेत, आणि प्रत्येकात रेनकोट घातलेला, एक डोळा मिटलेला, पोक काढलेला एक इसम दिसतो. तो आपणच. चकाकी मारणाऱ्या पोलरायझर फिल्टरने तो जात नाही, कारण आरशाचं प्रतिबिंब चांदीच्या थरावरून येतं. फिल्टर उपयोगी पडतो खिडकीच्या साध्या काचेला, तोही काचेशी साधारण ३५ अंशांचा कोन धरला तर. आरशाला उपाय एकच, बाजूला सरका. बाजूला सरकलात की तिथे रोजचे आजोबा बसलेले असतात. त्यांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. विचारलात तर ते हो म्हणतात आणि तुम्ही कुठले ते विचारतात. महाराष्ट्र म्हटलंत की लिओ वराडकर निघतात. दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झालेल्या या गृहस्थांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, आणि आजोबांचं त्यांच्याविषयी सविस्तर मत असतं. ते संपेपर्यंत खिडकीतला उजेड गेलेला असतो.

स्टाउटच्या, म्हणजे काळ्या बिअरच्या, ग्लासाचा फोटो म्हणजे तर परीक्षाच. ४५ अंशांत तिरका धरून तीन चतुर्थांश भरायचा, थांबायचं, मग वरचा भाग भरायचा. ही बिअर बनवणारे गिनेसवाले याला ११९.५ सेकंद लागतात असं सांगतात. बुडबुडे या थांबण्याच्या वेळात काचेलगत खाली जाताना दिसतात, आणि तो पिण्याचा परिणाम नव्हे. ग्लास वर रुंद असल्यामुळे मधले बुडबुडे पेय वर ओढतात, ते कडेने खाली उतरतं आणि कडेचे बुडबुडे सोबत नेतं. टिपायचे तर शटर १/२५० हवं. काळा ग्लास पाहून कॅमेरा घाबरतो आणि उजेड वाढवतो. मग काळ्याचा चहा होतो आणि फेस पांढरा फटक पडतो. एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे निम्म्यावर, कमी करा.

दफनभूमीत माणसं हलत नाहीत, म्हणून ती सोपी वाटते. तिथे अक्षरं दिसत नाहीत. बहुतेक जुन्या कबरींचे दगड पूर्वेकडे तोंड करून असतात, म्हणून हौशी मंडळी सकाळीच धावतात आणि सपाट उन्हात सपाट दगड घेऊन येतात. झिजलेलं कोरीव काम उठून दिसायला ऊन दगडाला घासून जायला हवं, आणि ते सूर्य दक्षिणेला आला की जातं. डब्लिनकडे उन्हाळ्यात ती वेळ दुपारी १.२५च्या सुमाराची, गॉलवेकडे आणखी दहा मिनिटांनी. त्याआधीचा अर्धा तास तुमचा. नंतर दगड सावलीत. ढग असतील तर, म्हणजे असतीलच, टॉर्च कडेला दगडाला जवळजवळ टेकवून धरा. खडू, तारेचा ब्रश, दाढीचा फेस यांतलं काहीही लावू नका. दगड भुसभुशीत असतो.

मोनास्टरबॉइस या जुन्या मठाच्या जागेतला, मुइरेडाखचा म्हणून ओळखला जाणारा कोरीव दगडी क्रूस साडेपाच मीटर उंच आणि दहाव्या शतकाच्या आसपासचा. त्यालाही हाच नियम. क्लोनमॅकनॉइस या दुसऱ्या जुन्या मठाच्या जागी मात्र भिजत क्रुसांचे फोटो काढण्याआधी आत डोकवा. बाहेर उभ्या आहेत त्या प्रतिकृती. मूळ क्रूस कोरड्या दालनात सुखाने आहेत.

ग्लेंडालॉ या जुन्या मठाच्या जागेतला तीस मीटरचा गोल मनोरा जवळून मान वर करून टिपलात तर मागे कलंडतो. कॅमेरा सपाट धरा, लांब जा, खालचं गवत नंतर कापा. डब्लिनच्या नदीवरल्या १८१६ सालच्या हापेनी पुलाला भरतीचं वेळापत्रक पाहून जा. ओहोटीला खाली चिखल दिसतो. कॉर्कच्या शँडन चर्चवर चार बाजूंना चार घड्याळं आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून गावात त्याला चार तोंडांचा खोटारडा म्हणतात. तिथे प्रकाशाची वेळ आपल्या मनगटावर बघा.

आणि पब व दफनभूमी अशा दोन चकरा नको असतील तर टिपररी परगण्यातल्या फेदर्ड गावी मॅकार्थीज आहे. दारू, जेवण आणि अंत्यसंस्कार, तिन्ही व्यवसाय एकाच घराण्याचे, एकाच छपराखाली. एका फ्रेममध्ये काम होतं. आत गेल्यावर आपल्याला काय हवंय ते तेवढं स्पष्ट सांगा.